बाटलीतला जमाखर्च



एकदा तासाला अकरावीतल्या एका मुलाने विचारले, "सर, घरी बिअर करायला किती खर्च येतो?" वर्गात हशा पिकला. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. महाराष्ट्रात परवान्यावाचून दारू तयार करणे हा १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे. म्हणून आपल्याला ती करायची नाही. पण तिच्यामागचे विज्ञान आपल्या स्वयंपाकघरातलेच आहे आणि त्याचा जमाखर्च आपण मांडू शकतो.

मोडाची साखर

नाचणीचे सत्त्व कसे करतात ते आजीला विचारा. नाचणी भिजवून तिला मोड आणतात, वाळवतात, किंचित भाजतात आणि दळतात. मोड येताना दाण्यात विकरे तयार होतात. ती पिष्टाचे तुकडे करून साखर बनवतात. कोवळ्या अंकुराचा तो शिधाच म्हणा ना! बिअरसाठी जवाला असेच मोड आणून वाळवतात. त्याला माल्ट म्हणतात. भरडलेले माल्ट सुमारे ६५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले की पिष्टाची साखर होते. पाणी फार तापले तर विकरे निकामी होतात, कोमट राहिले तर काम रेंगाळते. तेव्हा या धंद्यात तापमापीवाचून चालत नाही. ज्याच्या नावाने आपण ऊर्जा मोजतो तो जेम्स ज्यूल (१८१८–१८८९) इंग्लंडमधील सॅल्फर्डच्या एका बिअर-उत्पादकाचाच मुलगा होता, हे लक्षात ठेवा.

उष्णतेचा खर्च

साखरेचे हे पाणी गाळून घेतात आणि हॉप नावाच्या वेलीची फुले घालून सुमारे तासभर उकळतात. समजा, ते १० लिटर आहे आणि हिशेबापुरते ते साधे पाणीच आहे. ते २५ वरून १०० अंशांवर नेण्यास ४.२ × १० × ७५ = ३,१५० किलोज्यूल लागतात. उकळताना एक लिटर पाण्याची वाफ झाली तर आणखी २,२६० किलोज्यूल जातात. एकूण ५,४१० किलोज्यूल, म्हणजे विजेचे दीड युनिट. हेच गॅसवर केले आणि ज्योतीची साठ टक्के उष्णता भांड्याला मिळाली, तर सुमारे २०० ग्रॅम गॅस जळेल. तो १४.२ किलोच्या सिलिंडरचा जेमतेम सत्तरावा भाग आहे. तेव्हा इंधन काही फार महाग नाही. महाग आहे ती स्वच्छता, तापमानावरची नजर आणि अचूक मोजमाप.

यीस्टचा हिशेब

थंड झालेल्या द्रावणात यीस्ट घालतात. यीस्टही नाना जातींचे असते. आमच्या कर्वेनगरातून टेकडीपलीकडे पाहिले, तर पाषाण रस्त्यावर राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. उद्योगांना उपयोगी पडणाऱ्या सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह तेथे जपलेला आहे.

यीस्ट ग्लुकोजचे अल्कोहोल आणि कार्बन डाय-ऑक्साइड करते. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू मिळतो. म्हणजे जवळजवळ निम्मी साखर हवेत जाते!

हा निम्मा भाग मी एकदा विसरलो होतो. ऐन वैशाखात आले, लिंबू व साखर यांचे पेय करून त्यात चिमूटभर यीस्ट घातले आणि काचेच्या बाटलीला घट्ट बूच मारले. दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात स्फोट झाला. काचा समोरच्या भिंतीपर्यंत उडाल्या. त्या वेळी ओट्यापाशी कोणी नव्हते हे आमचे नशीब. नंतर आकडेमोड केली. २० ग्रॅम साखरेपासून सुमारे १० ग्रॅम वायू होतो. मोकळ्या हवेत तो साडेपाच लिटर जागा व्यापतो. बंद बाटली त्याला कोठून पुरणार? ही आकडेमोड मी बूच मारण्याआधी करायला हवी होती.

करून पाहा

हा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर करा. दोन सारख्या बाटल्यांत प्रत्येकी २०० ग्रॅम कोमट पाणी व २० ग्रॅम साखर घ्या. एकीत पाव करण्याचे कोरडे यीस्ट अर्धा चमचा घाला. दोन्ही बाटल्यांच्या तोंडांना कापसाचा सैल बोळा लावा. झाकण मुळीच लावू नका. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ वजन करून आलेख काढा. बिनयीस्टच्या बाटलीची घट ही केवळ बाष्पीभवनाची असेल. ती वजा करा. उरलेली घट १० ग्रॅमच्या आसपास, पण थोडी कमी येईल, कारण काही साखर यीस्ट स्वतःच्या वाढीसाठी वापरते. शेवटी द्रावण मोरीत ओतून द्या. ते चाखायचे नाही.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. साखरेऐवजी तेवढाच गूळ घेतला, तर घट जास्त येईल की कमी? आधी उत्तर वहीत लिहा आणि मगच तराजूला विचारा.