खुब्याचे बळ

बालरोगतज्ज्ञाने वृद्धांच्या खुब्याविषयी लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु माझ्याकडे येणाऱ्या अनेक बालकांना त्यांचे आजी-आजोबाच घेऊन येतात. नातवाला कडेवर घेऊन पायऱ्या चढताना ते कठडा चाचपू लागले, की माझे लक्ष बाळाइतकेच त्यांच्या चालीकडेही जाते. शिवाय या विषयाचे मूळ बालरुग्णांतच सापडते. जन्मतः खुबा निखळलेली मुले डुलत चालतात, याचे कारण खुब्याच्या बाजूचे स्नायू आपले काम करू शकत नाहीत, हे जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ साली दाखवून दिले.

चालताना प्रत्येक पावलागणिक आपण क्षणभर एकाच पायावर उभे असतो. उचललेल्या पायाकडे कंबर कलू नये म्हणून टेकलेल्या पायाकडील ‘ग्लुटिअस मीडिअस’ हा स्नायू तिला सावरून धरतो. त्या वेळी सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. उतारवयात हा स्नायू क्षीण झाला, की तोल जातो. आणि हाडे ठिसूळ झालेली असतील तर एका पडण्यानेही खुब्याचे हाड मोडून हिंडते-फिरते माणूस अंथरुणाला खिळते.

सुदैवाने सत्तरीतही स्नायूंचे बळ वाढविता येते. त्यासाठी चार साधे व्यायाम सुचवितो.

१. स्वयंपाकाच्या ओट्याला धरून ताठ उभे राहावे. एक पाय सरळ ठेवून वीतभर बाजूला न्यावा व सावकाश परत आणावा. धड कलू देऊ नये.

२. भिंतीला टेकलेल्या भक्कम खुर्चीतून शक्यतो हात न टेकता उठावे आणि तितक्याच सावकाश बसावे.

३. उताणे निजून, गुडघे दुमडून, कंबर हळूहळू उचलावी. तीन अंक मोजून खाली आणावी.

४. ओट्याला धरूनच एका पायावर दहा सेकंद उभे राहावे. मग पाय बदलावा.

पहिले तीन व्यायाम आठ ते दहा वेळा करावेत, चौथा दोन-तीन वेळा. श्वास रोखू नये. ज्येष्ठांनी तोल व बळ वाढविणारे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली सुचविले आहे. स्नायू थोडे अवघडल्यास चिंता नको. मात्र जांघेत तीव्र कळ आल्यास थांबावे. खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी, तसेच चक्कर वा हृदयविकार असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. काठी वापरणाऱ्यांनी ती दुखऱ्या बाजूच्या नव्हे, विरुद्ध हातात धरावी.

व्यवसायबंधूंना एक विनंती. वृद्ध रुग्णाचा रक्तदाब मोजून झाल्यावर त्याला हात न टेकता खुर्चीतून उठावयास सांगावे. अर्ध्या मिनिटाच्या या तपासणीतून पुढचे संकट आधीच ध्यानी येऊ शकते. नातवंडांना कडेवर घेणारे हे आधार ताठ उभे राहावेत, यात माझ्या बालरुग्णांचेही हित आहे.