ऑइलचा ताप कोण मोजणार?

नवीन गाडी घेतली की आपण सगळ्यात आधी काय विचारतो? "ॲव्हरेज किती देते?" मग पिकअप, मग टॉप स्पीड, मग कलर. पण इंजिनच्या पोटात जे लिटरभर ऑइल फिरतंय ते किती गरम आहे, हे कुणीच विचारत नाही. आणि विचारलं तरी सांगणार कोण? बहुतेक कम्युटर गाड्यांच्या मीटरवर स्पीड असतो, पेट्रोलचा काटा असतो, ऑइल टेम्परेचरचा काटा मात्र नसतो. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आल्यापासून मला या विषयाचं वेड लागलंय. (माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे टेक्निकल शब्द इंग्रजीच येतील. सांभाळून घ्या!)

सगळे घाबरतात ते ऑइल जास्त तापण्याला. पण आपल्या मालवणच्या किनाऱ्यावर कित्येक गाड्यांचं ऑइल पुरेसं तापतच नाही, आणि त्यानेसुद्धा इंजिन खराब होतं. या लेखात मला मुख्यतः हेच सांगायचंय.

आधी थोडी थिअरी

थंड काकवी डब्यातून ओतायला गेलं तर जागची हलत नाही. जरा गरम केली की मस्त धार लागते. ऑइलचंही तसंच. या दाटपणाला आपण व्हिस्कॉसिटी म्हणतो. डब्यावर २०डब्ल्यू-४० असं छापलेलं असतं. त्यातला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, थंडीतला ग्रेड. पुढचा ४० हा आकडा १०० अंश सेल्सिअसच्या व्हिस्कॉसिटीवरून ठरतो. त्या तापमानाला ४० ग्रेडचं ऑइल १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक आणि ३० ग्रेडचं ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक या मर्यादेत असावं लागतं. १०० अंश हा आकडा उगीच निवडलेला नाही. नीट तापलेल्या इंजिनात ऑइल साधारण तेवढंच गरम असतं.

ऑइल याच्या खूप वर गेलं की पातळ होतं. कॅम आणि बेअरिंगवरची फिल्म तुटायला लागते आणि ऑइल लवकर 'जळतं', म्हणजे त्याचं ऑक्सिडेशन होतं. ढोबळ नियम असा, की दर १० अंशांना ऑक्सिडेशनचा वेग जवळजवळ दुप्पट होतो.

आता दुसरी बाजू. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं! विश्वास बसत नाही ना? पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतला ऑक्सिजन घेतो, त्याचं पाणी होतं. बहुतेक सगळी वाफ सायलेन्सरमधून बाहेर पडते. थोडी मात्र पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली क्रँककेसमध्ये उतरते. ऑइल ९०-१०० अंशांपर्यंत जाऊन थोडा वेळ तिथेच राहिलं, तर ही वाफ ब्रीदर पाइपातून निघून जाते. नाही गेलं, तर तिचं पाणी होऊन ऑइलमध्ये घुसळलं जातं. त्या पाण्यात ज्वलनातली द्रव्यं मिसळून ॲसिड बनतं आणि आतला लोखंडी भाग गंजतो.

ताकासारखं ऑइल

आमच्या वाडीत एक काका मोटरसायकलवरून मासे विकतात. पहाटे मालवणच्या जेटीवर जायचं, क्रेट मागे बांधायचा, किलोमीटर-दोन किलोमीटर जाऊन गाडी बंद, गिऱ्हाईक झालं की पुन्हा किक. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत धंदा जवळजवळ बंदच. ऑगस्टमध्ये तो सुरू होतोय न होतोय, तोच त्यांनी ऑइलचं झाकण उघडलं तर आतून पांढरा फेस! मला हाक मारून म्हणाले, "काय गो, म्हयन्याभरापूर्वीच ऑइल बदललंय, मगे ह्यां ताकासारख्यां कित्याक दिसता?"

एका गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, "हेड गॅस्केट गेलं, इंजिन खोलावं लागेल." दोन महिने कमाई नाही आणि वर इंजिनचं काम! पण काकांची गाडी एअर-कूल्ड. त्यात कूलंटच नाही, मग गॅस्केट गेलं तरी पाणी येणार कुठून? लिक्विड-कूल्ड गाडी असती तर गोष्ट वेगळी. तिथे पांढरं ऑइल दिसलं की वॉटर पंपाचा सील किंवा गॅस्केट तपासायलाच हवं. गाडी पुराच्या पाण्यातून गेली असेल तरीही असं होऊ शकतं, पण तसंही काही झालं नव्हतं.

म्हणून आम्ही इंजिन न खोलता ऑइल बदललं आणि टेम्परेचर मोजायला घेतलं. काकांच्या रोजच्या फेरीत ऑइल एकदाही ८० अंशांच्या वर गेलं नाही! त्यात पावसाचं पाणी फिन्सवर पडून इंजिन आणखी गार होत होतं. उपाय अगदी साधा निघाला. आठवड्यातून एकदा काका न थांबता कसालपर्यंत जाऊन येऊ लागले. पुढच्या महिन्यात झाकण आतून स्वच्छ होतं.

मोजायचं कसं?

इन्फ्रारेड गन सोपी वाटते, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर ती खरं टेम्परेचर दाखवत नाही, कमी दाखवते. तिथे काळी टेप लावून त्यावर मोजा. तरीही मिळतं ते केसिंगचं टेम्परेचर, ऑइलचं नव्हे. काही बुलेटवाले डायल असलेली डिपस्टिक लावतात, ती चांगली. पण चालवताना खाली वाकून बघायचं नाही हं!

आम्ही वापरला एनटीसी थर्मिस्टर. गरम झाला की याचा रेझिस्टन्स कमी होतो. २५ अंशांना १० किलोओहम आणि बीटा ३९५० असलेला घेतला, तर ६० अंशांना साधारण २४९०, १०० ला ७०० आणि १२० ला ४०७ ओहम येतात. व्होल्टेज डिव्हायडरमध्ये बरेच जण सवयीने १० किलोओहमचाच रेझिस्टर लावतात. मग ५ व्होल्टवर १०० आणि १२० अंशांत फक्त ०.१३ व्होल्टचा फरक पडतो. त्याऐवजी १ किलोओहम लावा, तोच फरक ०.६१ व्होल्ट होतो. दहा बिटच्या एडीसीवर पहिल्यात एका अंशाला जेमतेम एक काउंट मिळतो, दुसऱ्यात सहा. म्हणजे जिथे मोजायचंय तिथल्या रेझिस्टन्सच्या जवळपासचा रेझिस्टर निवडायचा. नेटवर्क थिअरीचा पेपर असा उपयोगी पडतो!

थर्मिस्टर काचेचा घ्या. स्वस्तातले इपॉक्सीवाले जास्त उष्णतेला टिकत नाहीत. एक जादा डिपस्टिक आणून तिच्यात तो बसवा आणि तिची लांबी मूळ डिपस्टिकपेक्षा वाढू देऊ नका, नाहीतर आतल्या गिअरला लागेल. झाकणातून थेंबभरही गळती नको. मागच्या टायरवर ऑइल आलं तर काय होईल, हे सांगायला नकोच.

आणि आंबोलीचं काय?

जास्त तापण्याची भीती खोटी नाही. ती आपल्याकडे घाटात खरी होते. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर. गाडी आणि दोघं मिळून २५० किलो आणि चढ ६०० मीटर धरला, तर नुसतं वर चढायला जवळजवळ १.५ मेगाज्यूल लागतात. इंजिनची एफिशियन्सी २५ टक्के धरली, तर त्याच्या तिप्पट, म्हणजे ४.५ मेगाज्यूल उष्णता वाया जाते. त्यातला बराच भाग सायलेन्सरमधून जातो, उरलेला फिन्स आणि ऑइलवर येतो. आणि दुसऱ्या गिअरमध्ये स्पीड कमी, म्हणून वाराही कमी! अशासाठीच पल्सर २२० किंवा २०१६ साली आलेल्या हिमालयनसारख्या गाड्यांना ऑइल कूलर दिलेला असतो.

लक्षात ठेवायचे आकडे

एअर-कूल्ड गाडीसाठी हे ढोबळ आकडे. शेवटचा शब्द तुमच्या गाडीच्या मॅन्युअलचा.

६० अंशांच्या खाली: जोरात रेस करू नका.
८० ते ११०: सगळं ठीक, मजेत चालवा.
१२० ते १३०: थ्रॉटल कमी करा, वारा लागू द्या.
१४० च्या वर: गाडी बाजूला घ्या, बंद करा, निवू द्या. धबधब्याचं पाणी तापलेल्या इंजिनवर मारू नका.

सेन्सर नसेल तरी दोन गोष्टी नक्की करा. पावसात महिन्यातून एकदा ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. आणि रोजचा प्रवास दोन-तीन किलोमीटरचाच असेल, तर ऑइल बदलताना नुसते किलोमीटर मोजू नका, महिनेही मोजा. गाडी कमी चालली म्हणजे ऑइल चांगलं राहिलं, असं आपल्या किनाऱ्यावर तरी समजू नका.