स्वयंपाकाचे तेल आणि देहाची अमानत

आपला देह ही आपली मालमत्ता नव्हे. ती अल्लाहने आपल्याकडे सोपविलेली अमानत आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणुकीनुसार, कयामतच्या दिवशी माणसाला त्याचे आयुष्य, ज्ञान आणि संपत्ती यांबरोबरच, देह कशात झिजविला, हेही विचारले जाईल. हा प्रश्न आपल्या स्वयंपाकघरातील कढईपर्यंत येऊन पोहोचतो.

पवित्र कुरआनात तेलाचा उल्लेख ईश्वरी देणगी म्हणून आला आहे. सूरह मुअमिनूनमध्ये सीना पर्वतावर उगवणाऱ्या, तेल आणि कालवण देणाऱ्या वृक्षाचे स्मरण आहे. प्रेषितांनी (स.) जैतुनाचे तेल खाण्यास व अंगाला लावण्यास सांगितले. मात्र महागडे जैतुनाचे तेल घेणे प्रत्येक घराला परवडेलच असे नाही. आपल्या भूमीत शेंगदाणा, तीळ, करडई व मोहरी ही तेलेही अल्लाहचीच देणगी आहेत.

कोणतेही एक तेल परिपूर्ण नाही. करडई व सूर्यफुलाच्या तेलात असंपृक्त स्निग्धाम्ले अधिक असतात. खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के, तर पामतेलात जवळजवळ निम्मी स्निग्धाम्ले संपृक्त असतात. ती अधिक प्रमाणात घेतल्यास रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढते. म्हणून तेले आलटून पालटून वापरणे हिताचे. पण तेल कोणतेही असो, एका ग्रॅममागे ९ कॅलरी मिळतातच. 'आरोग्यदायी' असे छापलेले तेल हवे तितके खावे, हा समज चुकीचा आहे.

खरा मुद्दा प्रमाणाचा आहे. खा, प्या, परंतु मर्यादा ओलांडू नका, हा सूरह आराफमधील आदेश येथे शब्दशः लागू पडतो. बैठे काम करणाऱ्या प्रौढ माणसाला दिवसाला २० ते ३० ग्रॅम तेल-तूप पुरेसे आहे. पाच माणसांच्या घरात सरासरी २५ ग्रॅम धरल्यास महिन्याला साधारण चार लिटर होतात. आपल्या घरी दरमहा किती लिटर तेल येते, हे एकदा मोजून पाहावे.

रमजानमध्ये हा हिशेब सर्वाधिक बिघडतो. दिवसभराच्या संयमानंतर इफ्तारच्या दस्तरखानावर भजी, समोसे व कबाब यांची रास पडते, आणि उरलेले तेल दुसऱ्या दिवशी पुन्हा कढईत जाते. तेल वारंवार तापविल्याने त्यात अपायकारक घटक साठत जातात. ते काळपट व चिकट होते आणि लवकर धुरावते. अशा घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरू नये, असा नियम भारतात २०१८ पासून लागू आहे. वनस्पती तुपातील ट्रान्स फॅट तर हृदयाला विशेष घातक असतात. २०२२ पासून तेल-तुपात त्यांची मर्यादा २ टक्के करण्यात आली आहे.

ज्यांचा व्यवसायच खाद्यपदार्थांचा आहे, त्यांची जबाबदारी दुहेरी आहे. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली. अनेकांच्या पायांना सूज आली, हृदये निकामी झाली आणि साठहून अधिक माणसे दगावली. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या प्रेषितांनी (स.), फसवणूक करणारा आपल्यातला नाही, असे बजावले होते. तळणाचे जळके तेल ताज्या तेलात मिसळून ग्राहकाला खाऊ घालणारा विक्रेता या इशाऱ्याबाहेर कसा राहील? मांस हलाल आहे, एवढ्याने व्यवहार हलाल होत नाही.

तेव्हा काही गोष्टी आजपासूनच पाळाव्यात. तेल पिंपातून सुटे न घेता शिक्का असलेल्या पाकिटातले घ्यावे. कढईत ओतण्यापूर्वी ते चमच्याने मोजावे. तळण्यासाठी थोडेच तेल घ्यावे. उरलेले गाळून एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवावे, पुन्हा तळणासाठी ठेवू नये. इफ्तारला खजूर, फळे व उकडलेले चणे आधी मांडावेत, तळलेला पदार्थ एकच असावा.

पोटाचा एक भाग अन्नासाठी, एक पाण्यासाठी आणि एक श्वासासाठी, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपल्या मुलांना शब्दांपेक्षा ताटातून अधिक लवकर समजेल. अल्लाह आपणा सर्वांना ही अमानत सांभाळण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.