अंत्युखिया कोणते?

चार इमलीत एका घरी भरणाऱ्या शब्बाथ शाळेत नववी-दहावीच्या मुलांना आम्ही विचारले, "शिष्यांना ख्रिस्ती हे नाव प्रथम मिळाले ते अंत्युखिया कोठे?" एकाने नकाशात पिसिदिया दाखविला. खरे सांगायचे तर आम्हीही कित्येक वर्षे तेच शिकवीत होतो! मग शास्त्राचा कोश काढला. वर्णानुक्रमाने पाहता नोंदी दोन निघाल्या: सूरियातील (प्रे. कृ. 11:26), म्हणजे आजचे अंताक्या, आणि पिसिदियातील (13:14). शिक्षकहो, मुलांना आयते उत्तर देऊ नका. शब्द ठरविणे, सर्व नोंदी वाचणे, वचनाशी ताडणे, नकाशा पाहणे, एवढे शिकवा. मोल्सवर्थचा कोश असो वा मराठी विश्वकोश, रीत हीच. मग आमच्यासारख्यांची चूक मुलेच दुरुस्त करतील.