निवृत्तीनंतर बोटीवर बिऱ्हाड

प्रश्न : आम्ही नवरा-बायको लवकरच निवृत्त होतोय. इंग्लंडच्या कालव्यांवर फिरत बोटीतच राहायचंय. ऐसपैस, रुंद बोट घ्यावी का?
– एक वाचक, बर्मिंगहॅम

उत्तर : फिरायचं असेल तर रुंद बोट नकोच. तुमच्या भागातली बहुतेक लॉक्स (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे दरवाज्यांचे टप्पे) जेमतेम ७ फूट रुंद आहेत. तिथून ६ फूट १० इंचांची नॅरोबोटच जाते. लांबी ५७ फुटांपर्यंत ठेवा, म्हणजे जवळपास सगळे कालवे खुले राहतात. मागे मोकळा डेक असलेली बोट बघा, सुकाणूपाशी दोघांना गप्पा मारत उभं राहता येतं.

आतल्या सजावटीला मात्र भुलू नका. बोट पाण्याबाहेर काढायला लावा आणि स्वतंत्र सर्व्हेअरकडून पत्र्याची जाडी मोजून घ्या. नव्या बोटीचा तळ साधारण १० मिलिमीटर, बाजू ६ मिलिमीटर जाड असतात. पाण्याच्या रेषेपाशी गंजाचे खड्डे पडून पत्रा ४ मिलिमीटरखाली गेला असेल, तर विमा मिळतानाही अडचण येते. अशी बोट कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.

कायमची मूरिंग (बोट बांधायची जागा) नसेल, तर साधारण १४ दिवसांत मुक्काम हलवावा लागतो. लॉकचे जड दरवाजेही स्वतःच ढकलायचे असतात. म्हणून ऑक्टोबरच्या थंडीपावसात आठवडाभर भाड्याची बोट चालवून बघा, मगच घर विकायचा विचार करा.