प्रश्नचिन्हांत हरवलेली नावे

लाभार्थ्याचे नाव देवनागरीत टंकलिखित केले, पडद्यावर ते शुद्ध दिसले. परंतु नोंद जतन करून पुन्हा उघडताच नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहिली. विंडोजवरील आज्ञावलींत हा अनुभव नवा नाही. दोष बहुधा फॉन्टला दिला जातो, तो अनाठायी होय. फॉन्ट नसल्यास रिकाम्या चौकटी दिसतात आणि तो बसविताच अक्षरे परत येतात. जतन झालेली प्रश्नचिन्हे मात्र अक्षर नष्ट झाल्याची खूण असते. ते नाव मूळ अर्जावरूनच पुन्हा भरावे लागते, आणि अर्ज जपून ठेवला नसेल तर तेही शक्य होत नाही.

विंडोज २००० पासून देवनागरीला आधार मिळाला तो युनिकोडद्वारे. जुन्या एकबाइटी पद्धतीने मजकूर हाताळणारी आज्ञावली ही अक्षरे ओळखत नाही व त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवते. म्हणून नाव नेमके कोणत्या टप्प्यावर बदलते, हे प्रथम शोधावे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये सर्वसाधारणपणे रकाना ‘एनव्हारचार’ प्रकारचा असावा लागतो; शिवाय आज्ञेत थेट लिहिलेल्या मजकुरापूर्वी ‘एन’ हे अक्षर हवे. रकाना योग्य असूनही हे एक अक्षर राहिल्याने नावे गेलेली आढळतात.

दुसरा दोष लांबीचा. ‘मुंबई’ या शब्दात ५ संकेत आहेत. यूटीएफ-८ पद्धतीत त्यांना १५ बाइट लागतात. १० बाइटांची जागा राखल्यास तीन संकेत मावतात व चौथ्याचा तुकडा पडतो. रोमन अक्षरांत केलेल्या चाचणीत यांपैकी काहीच उघडकीस येत नाही. चाचणी मराठी नावांनीच घ्यावी, तीही जोडाक्षरे असलेल्या लांब नावांनी.