किनाऱ्यावरची धाव आणि तिथीची पाऊणपट



कोकणात समुद्राला लागून असलेल्या गावांतही मुलांचा धावण्याचा सराव बहुतेक वेळा शाळेच्या छोट्या पटांगणावरच होतो. पटांगणाच्या पलीकडे, सुरूच्या बनामागे, कित्येक किलोमीटरची मोकळी पुळण पडलेली असते. तिथे मुलांना का नेत नाही असं विचारलं की उत्तर येतं, "समुद्राचा काय भरवसा?"

ही काळजी रास्त आहे. दर सुट्टीत कुठल्या ना कुठल्या किनाऱ्यावर कुणी बुडाल्याची बातमी येतेच. पण नुसतं "तिकडे जाऊ नकोस" सांगितलेलं मूल एखाद्या दिवशी न सांगता जातं, आणि तेव्हा त्याला काहीच ठाऊक नसतं. कधी जायचं, कुठून जायचं, कधी परतायचं हे शिकवलेलं मूल जास्त सुरक्षित असतं. म्हणून आजचा पाठ किनाऱ्यावर धावण्याचा. यात गणित आहे, भूगोल आहे आणि विज्ञानही आहे.

तीन वाटा

1. मुरूड ते कर्दे (तालुका दापोली). हे दोन्ही किनारे एकमेकांना लागून आहेत. ओहोटीला वाळू रुंद, सपाट आणि घट्ट होते, त्यामुळे नवख्या मुलांसाठी ही वाट चांगली. एका बाजूला नारळी-पोफळीच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला समुद्र. महर्षी धोंडो केशव कर्वे याच मुरूडचे. लहान वयात ते इथून परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत घाटवाटेने पायी गेले होते. धावून दमलेल्या मुलांना हे सांगा, दम थोडा कमी लागतो!

2. गुहागर ते असगोलीच्या दिशेने. गुहागरचा किनारा सरळ आणि लांबलचक आहे, साधारण पाच ते सहा किलोमीटरचा. गाव किनाऱ्याला समांतर वसलेलं आहे, त्यामुळे मध्येच थांबावंसं वाटलं तर वाडीतल्या वाटेने रस्त्यावर येता येतं. मुलांना नेताना ही सोय फार मोलाची. असगोली मच्छीमारांचं गाव आहे. तिथे होड्या, दोर, जाळी दिसली की धावणं थांबवून बाजूने चालत जायचं. ती कुणाच्या तरी पोटापाण्याची जागा आहे, हेही शिक्षणच.

3. आरे-वारे. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा सागरी रस्ता इथे डोंगराच्या खांद्यावर चढतो आणि खाली किनाऱ्याच्या दोन कमानी दिसतात. देखावा अप्रतिम, पण चढ-उतार आणि वाहनं दोन्ही आहेत. ही वाट मोठ्यांसाठी, तीही भल्या सकाळी, समोरून येणारी वाहनं दिसतील अशा उजव्या कडेने. मुलांना न्यायचं असेल तर पुढे गणपतीपुळे ते मालगुंड हा छोटा टप्पा निवडा. मालगुंड हे कवी केशवसुतांचं जन्मगाव, तिथे त्यांचं स्मारक आहे. मात्र गणपतीपुळ्याच्या समुद्रात पाण्यात उतरायचं नाही.

भरतीचं गणित

वाट ठरली, आता वेळ. ती घड्याळाआधी तिथी ठरवते. कोकणातल्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता भरती. तिथून सुमारे सव्वासहा तासांनी ओहोटी. दोन्ही पक्षांत तिथी एकपासून मोजायची, पौर्णिमा आणि अमावास्या दोन्ही पंधरा धरायच्या.

उदाहरण घेऊ. आज द्वितीया आहे. 2 ची पाऊणपट दीड. म्हणजे रात्री आणि दुपारी दीडच्या सुमारास पूर्ण भरती, आणि सकाळी पावणेआठच्या सुमारास पूर्ण ओहोटी. सकाळी सातला निघून आठपर्यंत परतलो तर उत्तम. अष्टमीला काय होईल? 8 ची पाऊणपट 6. सकाळी सहालाच पाणी काठाशी! त्या दिवशी सराव पटांगणावर.

मुलं विचारतील, पाऊणपटच का? चंद्राला पुन्हा त्याच जागी यायला जवळपास 50 मिनिटं उशीर होतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. पंधरा तिथ्यांत ती 12 तास पुढे जाते. 12 तासांची 720 मिनिटं, भागिले 15, उत्तर 48 मिनिटं. पाऊण तास म्हणजे 45 मिनिटं, जवळजवळ तेवढंच, आणि तोंडी हिशेबाला सोपं. हा अंदाज आहे, जागेप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणून छापील भरती-ओहोटी तक्त्याशी ताडून बघायचंच.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं: भरतीला पाणी खूप वर, ओहोटीला खूप आत. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे चढ-उतार कमी.

आणखी एक हिशेब मुलांना जरूर द्या. ओहोटीनंतर पाणी सहा तास एकसारखं चढत नाही. एकूण चढाचे 12 भाग केले तर दर तासाला साधारण 1, 2, 3, 3, 2, 1 भाग असं ते चढतं. म्हणजे तिसऱ्या आणि चौथ्या तासातच निम्मा चढ होतो. "आत्ता तर पाणी लांब होतं" असं म्हणणारा माणूस फसतो तो इथे. अपूर्णांकांचा याहून उपयोगी धडा मला तरी माहीत नाही.

वाळूचं विज्ञान

कोरड्या वाळूत पाय रुततो, कारण कण एकमेकांवरून घसरतात. ओलसर वाळूत कणांमधलं थोडंसं पाणी त्यांना धरून ठेवतं, म्हणून ती टणक लागते. पाणी फार झालं की पुन्हा मऊ. धावायचा पट्टा म्हणजे नुकतंच पाणी उतरलेली ओलसर वाळू. किनारा समुद्राकडे उतरता असतो, एक पाय सतत खालच्या बाजूला पडतो. आलो त्याच वाटेने परतलं की दोन्ही पायांची वाटणी सारखी होते.

न मोडायचे नियम

- दोन मुलांमागे नाही तरी निदान प्रत्येक गटाबरोबर किनारा माहीत असलेला एक मोठा माणूस हवाच.
- पूर्ण ओहोटीनंतर तासाभरात सगळे परत.
- खाडीचं मुख ओलांडायचं नाही. खडकाळ टोकाला वळसा घालून पलीकडे जायचं नाही; पाणी चढलं तर परतीची वाट बंद होते.
- धावून तापलो म्हणून समुद्रात उतरायचं नाही. दोन्हीकडे लाटा फुटताहेत आणि मध्ये पाणी शांत दिसतंय, तिथेच बरेचदा आत ओढणारा प्रवाह असतो.
- दमट हवेत घाम वाळत नाही, अंग निवत नाही. ऊन चढायच्या आत थांबा. पाणी, कोकम सरबत किंवा शहाळं जवळ असू द्या.
- हिवाळ्यात या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कुंपण केलेल्या घरट्यांपासून लांबून जा.
- पावसाळ्यात किनारा बंद. 1 जूनपासून मच्छीमारही होड्या वर ओढतात, मग आपण कोण?

वर्गात करून बघा

एक महिना फळ्याच्या कोपऱ्यात रोजची तिथी आणि पाऊणपटीने काढलेली भरतीची वेळ लिहा. किनाऱ्याजवळ राहणाऱ्या मुलांनी प्रत्यक्ष वेळ बघून शेजारी मांडायची. फरक किती मिनिटांचा येतो, रोज सारखाच येतो का, याची चर्चा करा.

हे करताना एक गोष्ट तुमच्या लक्षात येईल. पाढ्यांत अडखळणारं, मागच्या बाकावर बसणारं मच्छीमाराच्या घरचं मूल इथे सगळ्यांच्या पुढे असतं. तिथी ऐकताच ते पाण्याची वेळ सांगतं, कारण घरात रोज तोच हिशेब चालतो. त्याला फळ्याजवळ बोलवा, त्याच्या आजोबांना वर्गात बोलवा. आणि किनाऱ्यावर पहिली धाव काढाल, तेव्हा कुठून वळायचं हे त्यालाच ठरवू द्या. तुम्ही फक्त घड्याळ बघा.